किती झालं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी एक यंत्र बनवायला घेतलं होतं. पाइपच्या आतून सरपटत जायचं, जाताजाता आतल्या भिंतीचे फोटो काढायचे आणि कुठे तडा दिसला तर त्याची जागा सांगायची, एवढंच त्याचं काम. चौकट एका मैत्रिणीकडे होती, मोटारी आणि चाकं एका मित्राकडे, कॅमेरा आणि फोटोंवरचं प्रोग्रॅमिंग दुसऱ्या मित्राकडे. वीजपुरवठा आणि सर्किट माझ्याकडे. गटप्रमुखही मीच होते.

दर शुक्रवारी मी तिघांना विचारायचे, "किती झालं?" कॅमेऱ्याचं काम बघणारा मित्र आधी "साठ टक्के" म्हणाला. मग सत्तर. मग ऐंशी, आणि त्यापुढचे पाच शुक्रवार ऐंशीच. मला त्यात काही खटकलं नाही. मी वहीत ८० लिहायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

सबमिशनला बारा दिवस उरले तेव्हा सगळे भाग पहिल्यांदा एका टेबलावर आले. बॅटरी चौकटीत बसेना. सहा मिलिमीटरने मोठी होती. ती बॅटरी मी निवडली होती, चौकट तयार झाल्यानंतर. आणि कॅमेऱ्यातून दिसत होता फक्त आमच्याच दिव्याचा पांढरा झगमगाट. पाइपची गुळगुळीत भिंत प्रकाश परत फेकत होती आणि प्रोग्रॅम प्रत्येक चमकेला तडा समजत होता. शेवटी परीक्षकांसमोर आमचं यंत्र बाहेरून वायर लावून, कॅमेरा बंद ठेवून, हातभर पाइपमधून गेलं आणि थांबलं. मार्क मिळाले. पण त्या संध्याकाळी आम्ही चौघं एकमेकांशी फारसं बोललो नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या मित्राला विचारलं, ती चमक तुला पहिल्यांदा कधी दिसली? तो म्हणाला, "दुसऱ्या आठवड्यात."

आता मी विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर बसते, त्यांना प्रोजेक्ट मॅनेजमेंटची मूळ तत्त्वं शिकवते. दर वर्षी नवा गट समोर बसला की मला त्या दुसऱ्या आठवड्याची आठवण येते. हातात अख्खं सत्र होतं. दिव्याची जागा बदलता आली असती, काचेवर ध्रुवक, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, लावून पाहता आला असता, फार तर तडे शोधण्याऐवजी नुसते फोटो काढायचं ठरवता आलं असतं. माहिती आमच्यातच होती, चौघांपैकी एकाच्या मनात. ती टेबलावर यावी अशी कुठलीही सोय मी केली नव्हती.

हा विषय अभ्यासक्रमात नसतो असं नाही. अनेक देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समतुल्य मानण्यासाठी केलेला वॉशिंग्टन करार १९८९ चा. पदवीधराच्या अंगी काय काय असावं याची जी यादी त्याखाली वापरली जाते, तीत प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि अर्थव्यवहार हे कलम स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. एका सत्रात व्याख्या पाठ होतात, दुसऱ्याच सत्रात प्रोजेक्ट होतो, आणि या दोघांची कधी गाठच पडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय प्रोजेक्टच्या टेबलावरच शिकवावा, हाताला वंगण लागलेलं असताना.

व्याख्येपासूनच सुरुवात करू, कारण ती पाठ करण्यापेक्षा तिच्यावर थोडं थांबण्यासारखी आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट प्रोजेक्टची ओळख दोन गुणांनी करून देते: तो तात्पुरता असतो आणि त्यातून निघणारी गोष्ट वेगळी, एकमेव असते. रोज तोच नट तयार करणारा कारखाना आपल्या चुकांतून हळूहळू शहाणा होतो, कारण उद्याही तोच नट करायचा असतो. प्रोजेक्टला हा उद्या मिळत नाही. काम नवं असल्यामुळे ते कसं होतं हे कोणालाच पुरतं माहीत नसतं, आणि माहीत होईतो ते संपलेलं असतं. पुढची सगळी साधनं, तक्ते, आकृत्या आणि बैठका, या एका अडचणीवरचे उपाय आहेत असं समजलं की त्यांचा कंटाळा येत नाही.

पहिलं साधन म्हणजे कामाची फोड, वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर. गटाला कागद दिला की पहिला मसुदा हमखास माणसांच्या नावांनी येतो: याच्याकडे मोटार, तिच्याकडे सर्किट. नाहीतर रिपोर्टच्या प्रकरणांनी येतो. मी तो बाजूला ठेवायला सांगते आणि एकच अट घालते, की प्रत्येक चौकोनात हातात धरता येईल किंवा चालवून दाखवता येईल अशी वस्तू लिहायची. "कॅमेऱ्यावर काम करणे" हे चालणार नाही. "अंधाऱ्या पाइपमध्ये, दिव्यासह, तडा ओळखू येईल असा फोटो देणारा कॅमेरा" हे चालेल. पहिलं वाक्य वर्षभर ऐंशी टक्क्यांवर राहू शकतं. दुसरं मात्र दुसऱ्याच आठवड्यात तपासता आलं असतं, आमच्या मित्राला तोंड उघडावंही लागलं नसतं.

फोडीचा एक नियम आहे: खालच्या चौकोनांची बेरीज वरच्या चौकोनाएवढी, पूर्ण शंभर टक्के व्हायला हवी, कमी नाही, जास्त नाही. ही बेरीज करताना सगळ्यांच्या हातून एकच गोष्ट सुटते. सांधा. मोटार झाली, चौकट झाली, पण मोटार चौकटीला बसवणं कोणाच्याच चौकोनात नसतं. आमची सहा मिलिमीटर तिथेच हरवली होती. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं ते याच प्रकारच्या फटीमुळे. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम आवेग, म्हणजे यानाला मिळालेल्या धक्क्याचं माप, पाउंड-सेकंदांत देत होता आणि पुढची गणितं तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून होत होती. दोन्ही बाजूंना हुशार माणसं होती. म्हणून आता मी प्रत्येक सांध्याला स्वतंत्र चौकोन काढायला लावते आणि त्यावर एक नाव लिहायला लावते. दोघांची नावं लिहिली तर एक खोडायला लावते.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

कामं कळली, आता क्रम. आडव्या पट्ट्यांचा तक्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तशाच प्रकारचा तक्ता तयार केला होता, पण नाव रूढ झालं ते अमेरिकेच्या हेन्री गँट यांचं, १९१० च्या दशकातल्या त्यांच्या कामामुळे. गँट चार्ट दिसायला सुबक असतो आणि कोणतं काम कधी हे एका नजरेत सांगतो. पण ते तेव्हाच का, हे साध्या पट्ट्यांतून कळत नाही. त्यासाठी बाणांची आकृती लागते, कोणतं काम कोणत्या कामासाठी थांबलंय ते दाखवणारी. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. त्याच काळात, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तिची बहीण जन्मली.

आमच्याच यंत्रावर क्रिटिकल पाथची पद्धत करून पाहू. बॅटरी निवडायला १ आठवडा. बॅटरीचं माप कळल्यावर चौकटीचं ड्रॉइंग, २ आठवडे. ड्रॉइंगवरून चौकट बनवणं, ३ आठवडे. या वाटेने जोडणी सुरू व्हायला ६ आठवडे लागतात. दुसरीकडे कॅमेरा मागवून हातात यायला २ आणि प्रोग्रॅमला ३, म्हणजे ५. तिसरीकडे मोटारी मागवायला ३, तपासायला १, म्हणजे ४. जोडणी तिन्ही गोष्टी आल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या शेवटी. मग जोडणी १, चाचण्या २. एकूण ९ आठवडे.

आता उलट्या दिशेने, शेवटाकडून मागे या. कॅमेऱ्याला १ आठवड्याची सवड आहे, मोटारींना २. चौकटीच्या वाटेला शून्य. त्या वाटेवरचा एक दिवस हुकला की अख्खा प्रोजेक्ट एक दिवस हुकतो. ही झाली क्रिटिकल पाथ. आणि त्या वाटेच्या अगदी तोंडाशी कोण उभं आहे? बॅटरी निवडणं. सगळ्या आकृतीतल्या सगळ्यात छोट्या कामांपैकी एक, खरं तर दोन दिवसांत दहा माहितीपत्रकं चाळून होण्यासारखं. छोटं होतं म्हणूनच मी ते सातव्या आठवड्यापर्यंत मागे ठेवलं होतं.

ही आकृती मी पहिल्यांदा आमच्या प्रोजेक्टवर काढली ती नोकरीला लागल्यावर, एका रविवारी. कागदावर ते शून्य उमटलं तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. तोवर माझी समजूत होती की आम्ही कष्टात कमी पडलो. कष्टाला चौघांपैकी कोणीच कमी नव्हतं. रात्री जागलो होतो. ज्या कामाला दोन आठवड्यांची सवड होती त्यासाठी जागलो होतो.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची गोष्ट मी विद्यार्थ्यांना इथेच सांगते. काम लवकर सुरू व्हावं असा सरकारचा आग्रह होता, म्हणून मार्च १९५९ मध्ये खालच्या चौथऱ्याचं बांधकाम सुरू झालं. वरच्या शिंपल्यांसारख्या छताची भूमिती तेव्हा सुटलेलीच नव्हती. ती सुटली तेव्हा लक्षात आलं की चौथऱ्याचे खांब ते छत पेलू शकणार नाहीत. ते पुन्हा बांधावे लागले. १९६३ मध्ये संपायचं काम १९७३ मध्ये संपलं, आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. मधेच, १९६६ मध्ये, वास्तुविशारद यॉर्न उट्झोन राजीनामा देऊन निघून गेले. आमची बॅटरी आणि चौकट, त्यांचं छत आणि खांब. ज्याच्यावर दुसरं काही अवलंबून आहे ते अर्धवट ठेवून पुढे जाण्याची घाई दोन्हीकडे सारखीच होती. मात्र २००७ मध्ये तीच इमारत जागतिक वारसा यादीत गेली, हेही मी लगेच सांगते. वेळापत्रक चुकलं म्हणजे वस्तू वाईट झाली असा अर्थ होत नाही, आणि वेळेवर संपलेली प्रत्येक वस्तू चांगली असते असंही नाही. विद्यार्थ्यांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकावं.

बाणांवरचे आठवडे कुठून आणायचे हा मात्र कठीण प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा एक अभ्यास याबाबतीत मला फार जवळचा वाटतो, कारण त्यातली माणसं विद्यार्थीच होती. प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील, असं त्यांना विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. म्हणजे मनाला करता आलेली वाईटात वाईट कल्पनासुद्धा अपुरी पडली.

पर्टमध्ये यावर एक छोटा हिशेब आहे. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं फसलं तर. मधल्याला चारने गुणायचं, बाकीचे दोन मिळवायचे, सहाने भागायचं. चौकटीसाठी २, ३ आणि १० आठवडे धरले तर उत्तर ४ येतं. तिथे ३ लिहिलेले होते. एक आठवडा आत्ताच, कागदावरच गेला. सूत्राच्या अचूकतेवर माझा फार भर नाही. मला त्यातला तिसरा आकडा हवा असतो, कारण १० हा आकडा लिहिताना माणसाला कारण द्यावं लागतं: वर्कशॉपमधलं यंत्र बंद पडलं तर, पत्रा चुकीचा कापला गेला तर, परीक्षा मधे आल्या तर. कारणं कागदावर आली की त्यांच्याबद्दल बोलता येतं. दुसरा उपाय याहून सोपा आहे. मागच्या वर्षीच्या गटांना विचारायचं: तुमचं यंत्र पहिल्यांदा हललं ते कोणत्या आठवड्यात? आपण त्यांच्याहून वेगळे आहोत असं प्रत्येक गटाला वाटतं. त्यांनाही वाटलं होतं.

आणि आता तो शुक्रवारचा प्रश्न.

"किती झालं?" या प्रश्नाला उत्तर म्हणून आकडाच येतो, आणि आकडा दर आठवड्याला वाढलेला असावा अशी अपेक्षा त्या प्रश्नातच असते. ज्याचं काम अडलंय त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: सगळ्यांसमोर मान खाली घालणं किंवा ऐंशी म्हणणं. माझा मित्र खोटारडा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आज रात्री ती चमक जाईल, आणि मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. रोज रात्री त्याला तसं वाटत होतं. तो एकटा त्या पाइपमध्ये डोकावत बसला होता, आणि मी वहीत आकडे भरत होते. याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी टक्केवारी बंद केली आहे. काम झालं किंवा नाही झालं, मधलं काही नाही. झालं म्हणजे काय हे आधीच लिहिलेलं असतं, आणि ते दुसऱ्याने चालवून बघायचं असतं, करणाऱ्याने नाही. काम इतकं मोठं असेल की दोन आठवडे नुसतं "नाही झालं" म्हणावं लागेल, तर फोड चुकली, आणखी फोडा. आठवड्याच्या बैठकीत प्रश्न दोनच: "काय चालतंय ते दाखव" आणि "कुठे अडलंय?" दुसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर मी देते, माझ्या स्वतःच्या कामातलं. पहिले दोनतीन आठवडे मुलं गप्प बसतात. मग कोणीतरी चाचरत बोलतं, बाकीचे ऐकून घेतात, आणि आभाळ कोसळत नाही हे सगळ्यांना दिसतं. त्यानंतर मला फारसं काही करावं लागत नाही.

अडल्याचं उशिरा कळलं की काय होतं, तेही आम्ही करून पाहिलं होतं. शेवटच्या बारा दिवसांत दुसऱ्या गटातले दोन मित्र मदतीला बोलावले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या उभारणीत मोठी जबाबदारी सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. हिशेब सरळ आहे. चार जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या ६. सहा जणांत १५. त्या दोघांनी मनापासून प्रश्न विचारले, आम्ही मनापासून उत्तरं दिली, आणि दोन दिवस त्यातच गेले.

अजाइल या कामाच्या पद्धतीबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून सॉफ्टवेअरसाठी तिचा जाहीरनामा लिहिला. त्यातली छोट्या टप्प्यांची आणि सारखं चालवून बघण्याची सवय धातूच्या कामालाही उपयोगी पडते. योजना न करण्याची सबब म्हणून मात्र ते नाव कोणी घेऊ नये. मी तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याची चौकट मागते, आत बॅटरीच्या मापाचा आणि वजनाचा लाकडी ठोकळा, कॅमेऱ्याच्या जागी फोनचा कॅमेरा. दिसायला ओबडधोबड असते, पण सगळे सांधे त्यात असतात. पुठ्ठ्यावरचे सहा मिलिमीटर कात्रीने कापता येतात.

धोक्यांचा विचार करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्री-मॉर्टेमची रीत मी वापरते. सुरुवातीलाच सगळ्यांनी डोळे मिटून धरून चालायचं की प्रोजेक्ट फसलेला आहे, पूर्ण फसलेला, आणि का फसला ते चिठ्ठीवर लिहायचं. "फसेल का?" असं विचारलं तर उत्साहाच्या भरात कोणी बोलत नाही. फसलाच आहे असं धरलं की लेखणी चालते. मागच्या एका गटात सेन्सर, बॅटरी, परीक्षा अशा चिठ्ठ्यांमध्ये एक निघाली: "आम्ही एकमेकांना विचारणं बंद केलं." कोणी लिहिली ते मी विचारलं नाही. ती चिठ्ठी वर्षभर भिंतीवर होती.

याच गटातली एक मुलगी मोटारींचं काम बघत होती. भिंतीवर तीन रकाने होते, "व्हायचंय", "चालू" आणि "झालं", आणि तिच्या कामाची चिठ्ठी "झालं"मध्ये लागलेली होती. एका बुधवारी, बैठकीला दोन दिवस असताना, ती प्रयोगशाळेत आली, पिशवी खाली ठेवली आणि ती चिठ्ठी काढून परत "चालू"मध्ये लावली.

"काय झालं गं?" तिच्या शेजारच्याने विचारलं.

"चढावर मोटार जास्त करंट ओढतेय. मी सपाटीवरच तपासली होती. मोटारीचा ड्रायव्हर बोर्ड तापतोय."

तो उठला, मल्टिमीटर घेतला. दुसरीने बाणांची आकृती पुढे ओढली, मोटारीच्या वाटेवर किती सवड उरलीय ते मोजलं आणि म्हणाली, "नऊ दिवस आहेत. दाखव कुठे तापतोय." तिघं टेबलाकडे गेली.